शहरातली दोन रात्रींची सहल आणि राहायला देखणी जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुक्रवारी निघून रविवारी परतायचं, मधल्या वेळात एखादं शहर पायी पाहायचं आणि राहायची जागाही मन प्रसन्न करणारी हवी, असं ठरवणाऱ्यांकडून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच निवड चुकते.

दोनच रात्री आहेत आणि दिवसभर बाहेरच असणार. मग जागेचा एवढा विचार कशाला?

दुपारी ३ ला खोली ताब्यात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ११ ला सोडायची, म्हणजे दोन रात्रींचे भरतात ४४ तास. त्यातले १५-१६ झोपेचे. उरलेल्यांपैकी खोलीत जागेपणी जातात पाच-सहा तास: बाहेरून दमून आल्यानंतरची संध्याकाळ, झोपण्यापूर्वीचा अर्धा-पाऊण तास आणि घाई नसलेली सकाळ. तास थोडे आहेत, पण सहलीचा निवांतपणा नेमका याच तासांत मिळतो. म्हणून मी जागा निवडताना 'इथे काय काय आहे' याआधी 'हे पाच-सहा तास इथे कसे जातील' असं विचारते. खालची बहुतेक उत्तरं याच एका प्रश्नातून आली आहेत.

दुसरं कारण झोपेचं. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचं एक कारण दाखवून दिलं: नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा गोलार्ध उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि अनोळखी आवाजांना अधिक सजग राहतो. आठवडाभराच्या मुक्कामात ही एक रात्र भरून निघते. दोन रात्रींच्या सहलीत मात्र ती निम्मा मुक्काम असते. त्यामुळे काळोख, शांतता आणि चांगली गादी या गोष्टी छोट्या सहलीत जास्त महत्त्वाच्या ठरतात.

देखणी जागा म्हणजे नेमकी कशी? महागडी सजावट?

सजावट हा त्यातला छोटा भाग. देखण्या जागेत कुणीतरी बसून विचार केलेला असतो की माणूस दारातून आत आल्यावर बॅग कुठे ठेवेल, ओला कोट कुठे टांगेल, रात्री दिवा बंद करायला त्याला पलंगावरून उठावं लागेल का, सकाळी उजेड कुठून येईल. हा विचार झाला असेल तर साध्या लाकडाच्या आणि पांढऱ्या भिंतींच्या खोलीतही बरं वाटतं. तो नसेल तर भिंतीवर मखमल लावूनही खोली अडचणीचीच राहते.

कोपनहेगनचं एसएएस रॉयल हॉटेल १९६० मध्ये उघडलं. वास्तुरचनाकार आर्न याकॉब्सन यांनी इमारतीबरोबरच खुर्च्या, दिवे, दारांच्या मुठी आणि जेवणाचे काटे-चमचेसुद्धा स्वतः आखले होते. पुढे जगभर गाजलेल्या 'एग' आणि 'स्वान' या खुर्च्या मुळात याच हॉटेलसाठी घडल्या. तिथली ६०६ क्रमांकाची खोली तिच्या मूळ रूपात जपून ठेवली आहे. तिचे फोटो बघा. त्यात डोळे दिपवणारं काही नाही, पण प्रत्येक वस्तू हाताला आणि पाठीला बरी वाटावी अशी आहे.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या मॉर्गन्स हॉटेलचं. इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी ते १९८४ मध्ये सुरू केलं, अंतर्गत रचना आंद्रे प्युतमां यांची होती. खोल्या लहान होत्या, खर्चाला मर्यादा होती. प्युतमां यांनी बाथरूममध्ये काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरश्या वापरल्या आणि तीच पुढे त्यांची ओळख बनली.

बुटीक, डिझाइन, लाइफस्टाइल, हेरिटेज... या नावांत फरक काय?

या नावांवर कुणाची मक्तेदारी नाही, त्यांची सर्वमान्य व्याख्याही नाही. कुठलंही हॉटेल स्वतःला यांतलं काहीही म्हणवून घेऊ शकतं. साधारणपणे बुटीक म्हटलं की कमी खोल्या आणि स्वतःचं वेगळं व्यक्तिमत्त्व अपेक्षित असतं. लंडनचं ब्लेक्स (१९७८) आणि वर सांगितलेलं मॉर्गन्स ही या प्रकाराची सुरुवातीची नावं. १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'डब्ल्यू' हे हॉटेल उघडलं आणि तेव्हापासून मोठ्या साखळ्यांनीही हीच धाटणी उचलली. आज दोनशे-तीनशे खोल्यांचं हॉटेलही बुटीक म्हणून विकलं जातं. म्हणून नावापेक्षा तीन गोष्टी शोधा: खोल्या किती आहेत, अंतर्गत रचना कुणाची आहे आणि शेवटचं नूतनीकरण कोणत्या वर्षी झालं. ज्यांनी खरोखर मेहनत घेतलेली असते ते रचनाकाराचं नाव अभिमानाने सांगतात.

हेरिटेजबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. जुन्या वास्तूला हॉटेल करून जिवंत ठेवणं हे मला मनापासून आवडतं. स्पेनमध्ये सरकारी पाराडोर हॉटेलं १९२८ पासून आहेत, त्यांतली कित्येक जुन्या किल्ल्यांत आणि मठांत आहेत. बोस्टनचं लिबर्टी हॉटेल १८५१ साली बांधलेल्या तुरुंगात २००७ मध्ये सुरू झालं. पण अशा ठिकाणी एक प्रश्न हमखास विचारा: माझी खोली जुन्या इमारतीत आहे की मागे बांधलेल्या नव्या भागात? न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरचं टीडब्ल्यूए हॉटेल बघा. एरो सारिनेन यांनी आखलेलं, १९६२ चं देखणं टर्मिनल २०१९ पासून या हॉटेलची लॉबी झालं आहे, खोल्या मात्र शेजारच्या नव्या इमारतींत आहेत. तिथे हे उघडपणे सांगितलेलं आहे आणि नव्या खोल्याही विचारपूर्वक केल्या आहेत. सगळीकडे असं नसतं. जुन्या वाड्याचं छायाचित्र पाहून बुकिंग करावं आणि मागच्या इमारतीतली कुठेही असू शकेल अशी खोली हाती यावी, असंही होतं.

मग ताऱ्यांवरून काही कळत नाही का?

कळतं, पण देखणेपण कळत नाही. सगळ्या जगाला लागू होणारी एक ताऱ्यांची पद्धत अस्तित्वात नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांनी २००९ पासून हॉटेलस्टार्स युनियनच्या समान निकषांवर एकत्र यायला सुरुवात केली, इतरत्र प्रत्येक देशाची आपली रीत आहे. तारे मुख्यतः सोयी मोजतात: रिसेप्शन किती तास चालू असतं, लिफ्ट आहे का, खोलीत काय काय मिळतं. लिफ्ट नसलेलं सुंदर हॉटेल दोन-तीन ताऱ्यांवर अडकू शकतं.

उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडने २०२४ पासून हॉटेलांना 'की' म्हणजे किल्लीची खूण द्यायला सुरुवात केली आहे, एक ते तीन. त्यात वास्तुरचना, अंतर्गत सजावट आणि जागेचं स्वतःचं व्यक्तिमत्त्वही तपासतात. त्यामुळे या प्रश्नासाठी ती ताऱ्यांपेक्षा जवळची खूण आहे. यादीतली बरीच हॉटेलं खर्चिक असतात, तरी डोळ्यांना वळण लावायला ती चाळण्यासारखी आहे.

संकेतस्थळावरच्या फोटोंवर किती विश्वास ठेवायचा?

फोटो खोटे नसतात, पण ते लेन्सच्या नजरेने घेतलेले असतात. खोल्यांचे फोटो बहुधा वाइड अँगल लेन्सने काढतात. १६ मिलिमीटरची लेन्स पूर्ण आकाराच्या सेन्सरवर आडवी सुमारे ९७ अंश जागा एका चौकटीत घेते, तर ५० मिलिमीटरची जेमतेम ४० अंश. त्यामुळे जवळची वस्तू मोठी, दूरची भिंत आणखी दूर आणि खोली ऐसपैस दिसते. चौकटीच्या कडेला असलेला दिवा किंवा खुर्ची ताणल्यासारखी दिसत असेल तर समजा की लेन्स बरीच रुंद आहे.

म्हणून आधी चौरस मीटर शोधा. पलंग १६० बाय २०० सेंटिमीटरचा असेल तर त्यानेच ३.२ चौरस मीटर जागा व्यापली. आकडा बाथरूमसकट दिलेला असतो की नुसत्या खोलीचा, तेही विचारा. १४ चौरस मीटरमध्ये बाथरूमही धरलेली असेल, तर दोन बॅगा एकाच वेळी जमिनीवर उघडणं कठीण. एकट्याला तेवढं छान पुरतं. दोघांना १८ च्या आसपास मोकळं वाटतं. आकड्यावरून डोळ्यांसमोर चित्र येत नसेल तर घरी जमिनीवर चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखा आणि आत उभे राहा. पाच मिनिटांत निर्णय होतो.

त्यानंतर फोटोंत काय दाखवलेलं नाही ते बघा. दहा फोटो लॉबीचे, चार गच्चीचे आणि खोलीचे दोनच असतील तर पैसा कुठे खर्च झाला ते कळतंच. खिडकी नेहमी पडद्याआड असेल तर बाहेर बहुधा भिंत आहे. उशी, फुलदाणी आणि कॉफीच्या कपाचे अगदी जवळून घेतलेले फोटो पुष्कळ आणि अख्खी खोली दाखवणारा एकही नाही, तर मी सरळ पुढे जाते. सगळे फोटो एकाच, सर्वांत महागड्या खोलीचे असतात हेही विसरू नका. तुम्ही जी खोली घेताय तिच्याच नावाखालचा फोटो हवा.

पाहुण्यांनी फोनवर काढलेले फोटो सर्वांत उपयोगी. त्यांतला उजेड खरा असतो. भिंतीचे पोपडे, गालिच्यावरचे डाग, पलंग आणि भिंत यांच्यामधली वीतभर जागा, सगळं तिथे दिसतं. आणि अशा वेडावाकड्या फोटोंतही जी खोली छान दिसते, ती खरोखर छान असते.

अगदी मध्यवर्ती भागात राहावं की थोडं बाजूला?

बुकिंगच्या संकेतस्थळावर 'केंद्रापासून इतके किलोमीटर' असं लिहिलेलं असतं. ते केंद्र त्यांनी नकाशावर मांडलेला एक ठिपका असतो, तुमच्या सहलीचं केंद्र वेगळं असू शकतं. तुम्हाला नक्की बघायच्या चार-पाच जागा नकाशावर टाका. त्या जिथे दाटीने येतात, तिथून पायी वीस मिनिटांच्या आत जागा शोधा. माणूस सहज चालीने मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे वीस मिनिटं म्हणजे दीड किलोमीटरच्या थोडं वर.

सगळ्यांत गजबजलेल्या चौकात राहण्याचा सल्ला मी देत नाही. तिथे दिवसा तुम्ही जाणारच आहात. रात्री तिथे गोंगाट असतो, सकाळी सामान उतरवणाऱ्या गाड्या असतात, आणि त्याच खोलीसाठी जास्त मोजावं लागतं. त्याच्या शेजारची वस्ती बघा, जिथे लोक राहतात, शाळा आहे, झाडं आहेत, बाकं आहेत. सकाळी बाहेर पडल्यावर पायाखालची पहिली गल्ली कोणती असेल, यावर शहर तुमच्या लक्षात कसं राहील हे बरंचसं ठरतं. दोन रात्रींत शहराशी ओळख होण्याची खरी संधी तिथेच असते, आणि ती कुठल्याही प्रेक्षणीय स्थळाच्या यादीत मिळत नाही.

मात्र फार लांबही जाऊ नका. रोज चाळीस मिनिटं जाणं आणि चाळीस मिनिटं येणं छोट्या सहलीत परवडत नाही, कारण त्यामुळे दुपारी खोलीवर येऊन तासभर पाठ टेकता येत नाही. देखणी खोली घेतली आणि दुपारी तिथे जाताच आलं नाही तर उपयोग काय?

शेवटची मेट्रो किंवा बस किती वाजता आणि रविवारी वेळापत्रक बदलतं का, हे आधी तपासा. स्थानकापासून हॉटेलपर्यंतचा रस्ता नकाशाच्या रस्तादृश्यात (स्ट्रीट व्ह्यू) एकदा चालून बघा. चढ, दगडी फरसबंदी आणि पायऱ्या नकाशावर दिसत नाहीत, चाकांच्या बॅगेला मात्र लगेच कळतात.

गोंगाटाचा अंदाज आधी कसा घ्यायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने २०१८ मध्ये शिफारस केली की रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज इमारतीबाहेर ४५ डेसिबलच्या खाली असावा. मोठ्या रस्त्यालगत तसा तो क्वचितच असतो. म्हणजे खिडकीची काच आणि खोलीची दिशा यांवर सगळं अवलंबून. चांगल्या काचेने किती फरक पडतो हे टीडब्ल्यूए हॉटेलमध्ये कळतं: धावपट्टी समोर, आणि खिडक्यांना साडेचार इंच जाडीची बहुपदरी काच.

देखण्या जागांना गोंगाटाची एक खास अडचण असते, ती नीट समजून घ्या. उघडं काँक्रीट, मोठ्या काचा, लाकडी जमीन, उंच छत हे सगळं फोटोत सुंदर दिसतं, पण आवाज शोषत नाही. वरच्या मजल्यावरची पावलं, शेजारची चाकांची बॅग, बाहेरच्या पॅसेजमधलं बोलणं थेट आत येतं. जाड पडदे, गालिचा आणि कापडी पाठीचा पलंग असेल तर खोली बरीच शांत होते. शिवाय अशा हॉटेलांत तळमजल्यावर किंवा गच्चीवर बार असतो, आणि त्याची सर्वांत जोरदार रात्र म्हणजे नेमकी तुमची शुक्रवार-शनिवारची रात्र.

विचारायचं ते असं: खोली रस्त्याकडे की आतल्या चौकाकडे? बार किती वाजता बंद होतो आणि माझी खोली त्याच्यापासून किती मजल्यांवर? लिफ्टला लागून आहे का? शेजारी बांधकाम चालू आहे का? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. आतल्या चौकाकडची खोली मिळत असेल तर दृश्य थोडं कमी झालं तरी मी तीच घेते.

खोलीत बाथरूमला काचेची भिंत असते म्हणे. खरंच?

हो, बऱ्याच डिझाइन हॉटेलांत असते. कधी पडदा असतो, कधी अर्धवट धुरकट काच, कधी न्हाणीघर सरळ खोलीतच. एकट्याला किंवा जोडप्याला हरकत नसेल. मैत्रीण, भावंडं किंवा आई-वडील बरोबर असतील तर अवघड होतं. बाथरूमला पूर्ण बंद होणारं दार आहे का, हे लाजू नका, विचारा. त्यांना हा प्रश्न नवा नसतो.

हॉटेल घ्यावं की अपार्टमेंट?

दोन रात्रींसाठी बहुतेक वेळा हॉटेल. अपार्टमेंटमध्ये साफसफाईची रक्कम ठरलेली असते. ती सात रात्रींवर वाटली गेली तर जाणवत नाही, दोन रात्रींवर जाणवते. किल्ली घ्यायची वेळ ठरवावी लागते, सामान आधी ठेवता येईलच असं नाही, आणि गिझर बिघडला तर रात्री दाद मागायला कुणी नसतं. चार-पाच जण असाल, बरोबर लहान मूल असेल किंवा सगळ्यांना एका बैठकीच्या खोलीत गप्पा मारत बसायचं असेल, तर मात्र अपार्टमेंटसारखं सुख नाही.

कायदेशीर बाजूही बघा. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून, तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घर देणाऱ्याला शहराकडे नोंदणी करावी लागते, यजमानाने स्वतः त्या घरात हजर राहावं लागतं आणि पाहुणे दोनच ठेवता येतात. बार्सिलोनाने पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे परवाने २०२८ मध्ये संपवण्याचं जाहीर केलं आहे. नोंदणी क्रमांक जाहिरातीत दिसत नसेल तर त्या जागेच्या वाटेला जाऊ नका. आयत्या वेळी रद्द झालेल्या बुकिंगचे पैसे परत येतात, तो शनिवार-रविवार येत नाही. शिवाय त्या शहरातल्या लोकांना राहायला घरं मिळत नाहीत म्हणून हे नियम आले आहेत, आणि पाहुण्याने ते मानावेत असं मला वाटतं.

मधला मार्गही आहे. इटलीत 'आल्बेर्गो डिफूझो' नावाचा प्रकार आहे: खोल्या जुन्या गावातल्या वेगवेगळ्या घरांत विखुरलेल्या, पण रिसेप्शन आणि सेवा एकच. १९७६ च्या भूकंपानंतर फ्रिउली भागातली मोडलेली गावं उभी करताना ही कल्पना पुढे आली. घराचा खाजगीपणा आणि हॉटेलची काळजी दोन्ही हवं असेल तर लहान शहरांत अशा जागा शोधून बघा.

सकाळी पोहोचतो आणि खोली दुपारी ३ ला मिळते. काय करावं?

सामान ठेवायची सोय आहे का आणि ती निघायच्या दिवशीही मिळेल का, हे बुकिंगपूर्वी विचारा. हॉटेलात बहुधा असते. रिसेप्शन नसलेल्या, दाराला कोड असलेल्या जागांत नसते. आंघोळीची सामाईक सोय असेल तर रात्रभर प्रवास करून येणाऱ्यांना फारच बरं पडतं. लवकर चेक-इन मिळेल का हे आदल्या दिवशी कळवून ठेवलं की खोली रिकामी असल्यास बरेचदा देतात.

परीक्षणं शेकडो असतात. वाचायची कशी?

सरासरी गुणांवर थांबू नका. आधी 'नवीन आधी' असा क्रम लावा आणि गेल्या सहा महिन्यांतली वाचा. मालक बदलले, नूतनीकरण झालं, नवा बार उघडला, हे तिथेच कळतं. मग शोधचौकटीत एकेक शब्द टाका: आवाज, गादी, वास, गरम पाणी, पडदे, लिफ्ट. एकाच तक्रारीचा उल्लेख वेगवेगळ्या महिन्यांत चार जणांनी केला असेल तर ती खरी माना. मधले गुण देणाऱ्यांचं लिखाण मला सर्वांत कामाचं वाटतं, कारण ते आवडलेलं आणि न आवडलेलं दोन्ही सांगतात. तुमच्यासारखाच प्रवास करणारा माणूस शोधा: कामासाठी आलेल्याला शनिवारच्या रात्रीचा आवाज ठाऊक नसतो.

हॉटेलने तक्रारींना दिलेली उत्तरंही वाचा. ठरावीक आभाराचा मजकूर सगळीकडे चिकटवलेला असेल, तर प्रत्यक्षातही तसंच उत्तर मिळेल.

थेट हॉटेलकडे बुकिंग करावं की संकेतस्थळावरून?

संकेतस्थळावर शोधा, मग हॉटेलच्या स्वतःच्या पानावर तीच खोली, त्याच तारखा आणि त्याच रद्द करण्याच्या अटी लावून तुलना करा. फारसा फरक नसेल तर थेट घ्या. खोली बदलून हवी असेल, तारीख हलवायची असेल, तर मध्ये तिसरा नसल्याने बोलणं सोपं होतं.

तुलना शेवटच्या पानावरच्या एकूण रकमेची करा. अमेरिकेत मे २०२५ पासून नियमच आला आहे की अल्पमुदतीच्या निवासाची जाहिरात करताना सक्तीचे आकार धरूनच किंमत दाखवली पाहिजे. सगळीकडे तसं नाही, आणि शहराचा पर्यटन कर कित्येकदा चेक-इनच्या वेळी वेगळा घेतात.

बजेट मर्यादित आहे. कशावर खर्च करावा, कशावर वाचवावा?

चांगल्या रचनेच्या हॉटेलातली सर्वांत लहान खोली घ्या. साध्या हॉटेलातल्या सर्वांत मोठ्या खोलीपेक्षा ती मला नेहमी सरस वाटते, कारण लॉबी, वाचायची जागा, गच्ची, अंगण हे सगळं तुम्हालाही तितकंच मिळतं. खिडकी मात्र हवी. स्वस्त मिळते म्हणून खिडकी नसलेली खोली घेऊ नका; सकाळ कळतच नाही.

लहान जागाही उत्तम असू शकते. वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांनी ओसाकात १९७९ मध्ये जगातलं पहिलं कॅप्सूल हॉटेल आखलं, तेव्हापासून अगदी आटोपशीर जागेत दिवा, शेल्फ, हवा यांचा बारकाईने विचार करणारी एक परंपराच तयार झाली आहे. नव्या होस्टेलांतल्या खाजगी खोल्याही बघा.

तारखा हलवता आल्या तर खूप फरक पडतो. कामानिमित्त लोक येतात त्या शहरांत शनिवार-रविवार स्वस्त असतो, पर्यटकांच्या शहरांत रविवारची रात्र. एक रात्र महागड्या जागी आणि एक साध्या जागी, असं करू नका. सामान बांधून जागा बदलण्यात अर्धा दिवस जातो.

आई-वडील बरोबर आहेत, पायऱ्या चढवत नाहीत.

'लिफ्ट आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या, असाच प्रश्न विचारा. जुन्या इमारतींत लिफ्ट अर्ध्या जिन्यानंतर सुरू होते किंवा शेवटच्या मजल्याला पोहोचत नाही. युरोपात 'पहिला मजला' म्हणजे तळमजल्याच्या वरचा, अमेरिकेत मात्र तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. तेही स्पष्ट करून घ्या.

आत आल्यावर पलंग किती उंच आहे, शॉवरला उंबरठा आहे की टबमध्ये पाय टाकून उतरावं लागतं, धरायला दांडा आहे का, हे बघा. जमिनीलगतचे पलंग दिसायला छान, पण गुडघे दुखणाऱ्याला त्यावरून उठणं जिकिरीचं. मंद उजेडाचे पॅसेज, एकाच रंगातल्या पायऱ्या आणि चकचकीत ओली फरशी हे देखण्या जागांतले नेहमीचे धोके. हॉटेलकडून बाथरूमचा फोटो मागवा. बहुतेक जण आनंदाने पाठवतात.

हॉटेलला संदेश पाठवायचा तर काय लिहू?

थोडक्यात आणि नेमकं. उदाहरणार्थ: "नमस्कार. आम्ही दोघं शुक्रवार ते रविवार तुमच्याकडे येत आहोत. झोप सावध असल्यामुळे आतल्या बाजूची, लिफ्टपासून आणि बारपासून दूर असलेली खोली मिळाली तर फार बरं होईल. पलंग एकच मोठा हवा, दोन जोडलेले नकोत. सकाळी दहाच्या सुमारास पोहोचू, सामान ठेवता येईल का? खोलीच्या खिडकीतून काय दिसतं तेही कळवाल का?" पोहोचण्याच्या तीन-चार दिवस आधी पाठवा. खोल्यांचं वाटप होण्यापूर्वी तो पोहोचलेला बरा. उत्तर कसं येतं, त्यावरून तिथल्या माणसांचाही अंदाज येतो.

पोहोचलो आणि खोली आवडली नाही, तर?

बॅग उघडण्यापूर्वी पाच मिनिटं द्या. खिडकी उघडून बंद करा, पडदे पूर्ण ओढून काळोख किती होतो ते बघा, गरम पाणी सोडा, गादीवर आडवे व्हा, क्षणभर गप्प राहून आवाज ऐका. काही खटकलं तर लगेच खाली जा, खोली वापरलेली नसतानाच बदलणं त्यांनाही सोपं जातं. 'आवडली नाही' म्हणण्याऐवजी नेमकं काय हवं ते सांगा: "भिंतीपलीकडे लिफ्टचं यंत्र आहे, वरच्या मजल्यावर आतल्या बाजूची खोली आहे का?" आज हॉटेल भरलेलं असेल तर उद्या सकाळी कोणती खोली रिकामी होतेय ते विचारा आणि तुमचं नाव तिच्यापुढे लिहून घ्यायला सांगा. तोवर जादा ब्लँकेट, दुसरी उशी किंवा कानात घालायचे बोळे मागा. विचारपूर्वक चालवलेल्या जागेत हे सगळं रिसेप्शनच्या कपाटात तयार असतं.